ताईचा निश्चय

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या वाचनालयाचं मासिक पोचलं. तुझा लेख आम्ही दोघांनी दोनदा वाचला. तुझ्या वहिनीने तर तो कापून फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. एकशे एकवीस किलोची तू डावीकडे, चौऱ्याहत्तरची उजवीकडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘निश्चय हवा!’ आता दाराला हात लावला की आधी तुझ्याशी नजरानजर होते. दूध काढायलासुद्धा चोरासारखं जावं लागतं. लहानपणी सगळे आपल्याला मोठी ढब्बू, धाकटा ढब्बू म्हणायचे. तू नाव टाकून मोकळी झालीस, मी एकटाच मागे उरलो.

आता माझी फजिती ऐक. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या एका दवाखान्याची लिफ्ट बंद पडली, ती दुरुस्त करायला गेलो. तिथे मशीनच्या खोलीत जायला गच्चीवरून लोखंडी शिडी आणि वर चौकोनी झडप आहे. वीस वर्षं मी अशा झडपांतून आत-बाहेर करतोय. या खेपेला छातीपर्यंत वर गेलो आणि अडकलो. ना वर, ना खाली. आमचे म्हातारे मिस्त्री खालून ढकलत होते आणि ओरडून सांगत होते की श्वास सोड, श्वास सोड. सोडून सोडून किती सोडणार? शेवटी साबणाचं पाणी आणलं. तोवर जिन्यात डोळ्यांना पट्ट्या बांधलेले पेशंट ताटकळत बसले होते. त्यांना दिसत नव्हतं, तेवढीच अब्रू वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. फार गोड बोलले. तुमच्या अनुभवाची गरज आता सुट्या भागांच्या काउंटरवर आहे म्हणाले. समजलो. आता मी खिडकीमागे बसून बाकीच्यांना स्प्रिंगा आणि बटणं काढून देतो.

कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा यंत्र बिघडलंय का म्हणून दुसरं आणलं. त्यांचं म्हणणं, गोळ्या चालू ठेवा आणि वजनाच्या ऑपरेशनचा विचार करा, त्याने हृदयाच्या आणि मेंदूच्या झटक्याचा धोका बराच उतरतो. बाबा त्रेपन्नाव्या वर्षी अर्धांगाने गेले हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी आता अठ्ठेचाळीस. पण मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीने नुसतं चालून सत्तेचाळीस किलो उतरवले, मी पोट कशाला कापून घेऊ?

तेव्हा गुपित कळव. रोज किती चालायचं, काय खायचं, सगळं.

माया आहेच, ती वाढव. वजन सोडून काहीही वाढव.
तुझा,
ढब्बू


दि. २५ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. साहेबांचं मनावर घेऊ नकोस.

गुपित असं काही नाही रे. थोडं खायचं, सावकाश खायचं, छोट्या ताटलीत घ्यायचं. सकाळी चाळीस मिनिटं चालायचं, पाऊस असो की ऊन. पहिले दिवस जड जातात, मग अंगवळणी पडतं. माझ्या तर रक्तदाबाच्या गोळ्याही बंद झाल्या, साखर जागेवर आली. ऑपरेशनचं म्हणशील तर घाई करू नकोस. सुरीखाली जाण्याआधी माणसाने स्वतःचा ताबा स्वतःकडे घेऊन बघावा, असं मला वाटतं.

इकडे सगळं ठीक. मासिकाच्या लेखानंतर इतर शाखांतून मला बोलायला बोलावतात. परवा एका शाळेत गेले होते. मुली वहीत लिहून घेत होत्या.

वहिनीला सांग, माझा फोटो फ्रिजवरून काढ म्हणावं. मला संकोच वाटतो.

मन घट्ट कर, पाय सैल सोड.
तुझी,
ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. खोटं कशाला बोलू, होतं, पण लाज वाटत होती.

पहिल्या पाच आठवड्यांत सहा किलो उतरले. रोज पहाटे खेळाच्या मैदानाला फेऱ्या मारायचो, दुपारी काकडी आणि सूप. तुझी वहिनी दर रविवारी काट्यावर उभं करायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. मग उतरणं थांबलं. मी आणखी कमी खाल्लं. तरी थांबलेलंच. आणि भूक अशी लागायची ताई, की समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही. एक दिवस काउंटरमागच्या खोक्यांच्या आडोशाला बसून बिस्किटांचे तीन पुडे संपवले. पावलं ऐकू आली म्हणून चौथा स्प्रिंगांच्या खणात टाकला. माणूस गेल्यावर ग्रीस लागलेली बिस्किटं पुसून खाल्ली. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या मी. हे तुलाच सांगतोय, दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही. सहा उतरले होते, आता सात वाढलेत.

लेखात तू म्हणतेस की हरतो तो पाय नव्हे, मन हरतं. मला पटतं. एकाच आईबापांची पोरं आपण. तुझ्यात आहे ते माझ्यात का नाही याचा विचार करत बसतो. तुझी वहिनीही आता तुझंच उदाहरण देते, कधी प्रेमाने, कधी चारचौघांत.

पण मी सोडलेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. म्हटलं, या कुबड्या आहेत तोवर पाय कसले चालणार? तुझ्या सुटल्या, माझ्याही सुटतील. डोकं जरा जड असतं, बाकी विशेष काही नाही.

दोन ओळी लिही. तू लिहिलंस की चार दिवस बळ येतं.
तुझा,
ढब्बू


दि. १७ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर रडू आलं, नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर समजून घ्या.

चौदा तारखेला सकाळी हे काउंटरवर होते. मिस्त्री काका स्प्रिंग मागायला आले. यांनी खण उघडला, स्प्रिंग हातात घेतली आणि तिला काय म्हणतात तेच यांना आठवेना. काका आधी हसले, त्यांना वाटलं थट्टा चाललीय. मग स्प्रिंग हातातून पडली आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. काकांच्या बायकोला तसंच झालं होतं, म्हणून त्यांनी एक क्षण घालवला नाही, गाडीत घालून थेट आणलं. वेळेत आणलं म्हणून रक्ताची गाठ विरघळवायचं औषध देता आलं. जीव वाचला. उजवा हात अजून उचलत नाही, पाय थोडा ओढतो. शब्द तोंडाशी येऊन परत जातात. परवा माझ्याकडे पाणी मागायचं होतं तर कुलूप, कुलूप म्हणत राहिले आणि मग स्वतःवरच चिडून रडले.

डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. गोळ्या बंद केल्यात हे मला माहीतच नव्हतं. यांनी डाव्या हाताने हवेत तुमचं नाव गिरवलं. मी डॉक्टरांना लेखाचं सांगितलं. ते म्हणाले, इतकं वजन उतरवून ते राखणं नुसत्या चालण्याने फार क्वचित होतं, तुमच्या नणंदबाईंनी नेमकं काय केलं ते विचारून घ्या, यांना पुढे उपयोग होईल.

तर तेवढं कळवा. आणि फोनवर येते म्हणालात, तीन दिवस झाले. हे दाराकडे बघत असतात.

आपली,
वहिनी


दि. २४ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, तुला ते हवे असतील तर.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवील. वहिनी, एकही ओळ गाळू नकोस.

मी चालून वजन उतरवलं नाही. मी ऑपरेशन करून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे प्रशिक्षणाला जाते म्हणाले होते ना, तेव्हा मी दवाखान्यात होते. जठराचा मोठा भाग कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. एका मैत्रिणीशिवाय कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नर्सने औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात पाणी दिलं आणि म्हणाली, पाच मिनिटांनी एक घोट. तो पेला संपवायला मला पाऊण तास लागला. मग दवाखान्याच्या सपाता घालून, भिंत धरून कॉरिडॉरभर चालले. लेखात ते ‘माझं पहिलं पाऊल’ लिहिलंय ना, ते हे. भिंत आणि सपाता मी गाळल्या.

पहिले सहा महिने उलट्या झाल्या, केस गळले. पण भूक गेली रे. तू लिहिलंस तशी भूक मलाही होती, समोरच्याचं बोलणं ऐकू न येणारी. मीही वाचनालयाच्या तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे बसून खाल्लेलं आहे. ऑपरेशनच्या आधी सर्जनबाईंनी मला समजावलं होतं की शरीर वजन सहजी सोडत नाही, आपण उतरवलं की ते भूक वाढवून परत मिळवतं, यात चारित्र्याचा काही संबंध नाही. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तुझं पत्र आलं तेव्हाही माहीत होतं.

त्यांच्याकडे मला हृदयाच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. जिना चढताना छातीत दुखायचं, तेही मी तुला कधी बोलले नाही. त्यांनी बाबांचं विचारलं, आणि बजावलं की अशीच राहिलात तर पुढची दहा वर्षं भरवशाची नाहीत. ऑपरेशनने धोका शून्य होत नाही पण बराच खाली येतो. माझा आला. गोळ्या माझ्या मी बंद केलेल्या नाहीत. डॉक्टरांनी दर आठवड्याला रक्तदाब मोजून, एक एक करत, पाच महिन्यांत बंद केल्या. अजूनही दर तीन महिन्यांनी मोजून घेते. मी तुला लिहिलं, बंद झाल्या. इतकंच लिहिलं.

का लपवलं ते सांगते, ती सबब म्हणून धरू नकोस. शाळेत वजन करायचा दिवस आठवतो? बाई आपलं वजन मोठ्याने वाचायच्या आणि वर्ग हसायचा. तू ताप आल्याचं सोंग करायचास, मी हसणाऱ्यांबरोबर हसायचे. ऑपरेशननंतर कामावर गेले तर आमच्या मुख्य ग्रंथपाल म्हणाल्या, काय निश्चय आहे हो तुमचा! जन्मात पहिल्यांदा माझ्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललं. मी मान हलवली. तेवढंच केलं, मान हलवली. मग दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. मग लेख मागितला. पोट कापलं म्हटलं असतं तर पुन्हा तोच वर्ग हसला असता, असं मला वाटलं.

आणि आता सगळ्यात वाईट. तुझं पत्र मला सहा तारखेला मिळालं. गोळ्या बंद केल्याची ओळ वाचली. तेव्हाच फोन उचलायला हवा होता. पण फोन केला असता तर गोळ्या चालू कर म्हणताना माझ्या कशा सुटल्या ते सांगावं लागलं असतं. उद्या करू म्हटलं. पत्र टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं. आठ दिवस ते तिथे होतं आणि मी त्याच टेबलावर जेवत होते. नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला.

वहिनीला येते म्हणाले तेव्हा खरंच बसस्टँडवर गेले होते. तिकीट हातात होतं. बस लागली, सुटली, मी बाकावरून उठले नाही. तू दाराकडे बघत असशील आणि मला बघून तुझा चेहरा खुलेल, याचीच भीती वाटली.

मी तुला सांगितलं की आधी स्वतःचा ताबा घे. माझा ताबा सर्जनबाईंच्या सुरीने दिला होता. तुझा उजवा हात माझ्यामुळे गेला, ढब्बू. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

तुझी,
ताई


दि. ३ मे

ताईंस,
नमस्कार.

एक ओळ न गाळता वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि संध्याकाळपर्यंत वळले नाहीत.

मला तुमचा राग आलाय. इतका, की घरी येऊन फ्रिजच्या दारावरचा तो कागद नखांनी खरवडून काढला, तरी गोंद निघाला नाही. तुम्ही खोटं बोललात ते बोललात, पण तुमचं खोटं मी त्यांच्यावर वापरलं. त्यांच्या पुढ्यातली ताटली मी उचलून नेली, तुमचं नाव घेऊन. माझ्या भावाच्या घरी सगळ्यांसमोर मी म्हणाले होते की बहिणीच्या पायाची धूळ तरी घ्या. ते हसले होते. मला वाटलं, निर्लज्ज आहेत. आता ते हसणं डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्यावर चिडले की फिरून माझ्यावरच येते.

सध्या येऊ नका. त्यांची प्रकृती सुधारतेय. कळवायचं असेल तेव्हा कळवीन.

वहिनी


दि. ११ जून

प्रिय वहिनी,
आशीर्वाद.

तू म्हणालीस येऊ नका, म्हणून आले नाही. उत्तराची अपेक्षा नाही. फक्त एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहिते.

या महिन्याच्या मासिकात मी खरं काय ते छापलं. सोबत अंक पाठवते. फ्रिजवर लावू नकोस. संपादक म्हणत होते की प्रकृतीच्या कारणामुळे वगैरे मोघम लिहा. मी ऑपरेशन हा शब्द तिसऱ्याच ओळीत घातला, आणि हेही घातलं की माझं वाचून एका माणसाने गोळ्या थांबवल्या आणि त्याला झटका आला. कोण ते लिहिलं नाही. ज्या शाळेत बोलले होते तिथेही जाऊन आले. मुलींसमोर उभी राहून सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, तेव्हा तुम्ही आमच्याशी खोटं बोलत होता का? हो म्हणाले. ती खाली बसली.

इथे काहीजणी माझ्याशी पुस्तकांपुरतंच बोलतात. मुख्य ग्रंथपाल म्हणाल्या, म्हणजे सोपाच मार्ग काढलात की! मी म्हटलं, उलट्यांचे सहा महिने तुम्ही घ्या आणि मग सोपं म्हणा. आणि आमचा बाइंडर, जो दहा वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलला नसेल, तो दार लावून आत आला, माझ्या बायकोचं वजन फार आहे आणि छातीत दुखतं म्हणाला, आणि सर्जनबाईंचा पत्ता घेऊन गेला.

याने मला बरं वाटावं असं नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुझ्या हातात काठी मी दिली होती.

भावाला आराम पडो.
ताई


दि. २८ ऑक्टोबर

ताई,
नमस्कार.

हे डाव्या हाताने लिहितोय. चार दिवस लागले. अक्षर पहिलीतल्या पोराचं वाटेल. उजवा हात खांद्यापर्यंत येतो, पेन धरत नाही. शब्द बरेच परत आलेत, स्प्रिंगसकट. कामावर अर्धा दिवस जातो.

तुझं पत्र ऐकलं तेव्हा मी भिंतीकडे का वळलो ते कळव, म्हणून ही मागे लागलीय. तिला वाटलं राग. राग होता, आहे. पण पहिली गोष्ट ती नव्हती. पहिल्यांदा मला आनंद झाला, ताई. की मी नालायक नव्हतो. अंथरुणाला खिळलो होतो, तोंड वाकडं, आणि आत आनंद. त्याची इतकी लाज वाटली की तोंड लपवलं. मग राग आला. दोन वर्षं तू मला नालायक समजू दिलंस. भूक तुलाही होती आणि ते तू मला सांगितलं नाहीस, याचा राग खोटं बोलल्यापेक्षा जास्त आहे. तो कधी जाईल माहीत नाही. गेल्यावर कळवीन.

तुझ्यामुळे हात गेला म्हणतेस. गोळ्या मी थांबवल्या. डॉक्टरांना न विचारता, बायकोला न सांगता. माझ्या वाटणीचं तू घेऊ नकोस.

ऑपरेशनचं विचारलं. झटक्यानंतर निदान सहा महिने थांबायचं म्हणाले. ते झाले. मेंदूच्या आणि हृदयाच्या तपासण्या झाल्या, दोघा डॉक्टरांनी हो म्हटलं. आता दुसरा झटका येण्याचा धोका कमी व्हावा म्हणून करायचं, पण हमी कुणी देत नाही. ऑपरेशनचाही धोका आहेच, माझ्यासारख्याला जरा जास्त. भीती वाटते. ही दिवसा हसते आणि न्हाणीघरात जाऊन रडते. तारीख वीस नोव्हेंबर.

काल फॉर्म भरला. हिने भरते म्हटलं, मी दिला नाही. त्यात एक प्रश्न होता, कुटुंबात कुणी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का. मी लिहिलं, हो, मोठी बहीण. खाली होतं, दवाखान्यात सोबत कोण राहणार. हिला सुट्टी दोनच दिवस मिळते. तिथे तुझं नाव लिहिलं. हिला विचारून लिहिलं. तुझं आडनाव ओळीबाहेर चाललं होतं तर तिने कागद धरून ठेवला.

एकोणिसला ये. पाणी कसं प्यायचं ते शिकव.

तुझा,
ढब्बू